मटन स्ट्रीटवरचा तांब्या

आमच्या चाळीत कुणाची सायकल हरवली की मोठी माणसं हसत म्हणायची, "जा, चोर बाजारात मिळेल!" मला वाटायचं, तिथे खरेच चोर ओळीने बसत असतील. तसं काही नाही हं! मूळ नाव 'शोर बाजार', म्हणजे गोंगाटाचा बाजार, आणि इंग्रजांच्या तोंडी 'शोर'चा 'चोर' झाला, अशी एक गोष्ट सांगतात.

मुंबईतला हा बाजार १५० वर्षांहून जुना. भेंडी बाजाराजवळच्या त्याच्या मटन स्ट्रीट या गल्लीचं नाव मटणाचं, पण ती प्रसिद्ध आहे जुन्या वस्तूंसाठी. लंबकाची घड्याळे, हंड्या-झुंबरं, कर्ण्याचे ग्रामोफोन, मोडीत निघालेल्या जहाजांवरचे दिवे! शुक्रवारी दुकाने बंद असतात, तेव्हा रस्त्यावरच बाजार भरतो.

वस्तूंचंही नशीब फिरतं बरं का! कॅसेट आल्या तशा ग्रामोफोनच्या तबकड्या लोकांनी भंगारात घातल्या. आता शौकीन त्याच शोधत येतात. सिनेमाची पोस्टर्स रद्दीत जायची, आज ती काचेच्या चौकटीत बसतात. मागणी वाढली तशी नक्कलही आली. नवं पितळ काळपट करून 'जुनं' म्हणून विकतात. (खरोखर १०० वर्षांहून जुनी कलावस्तू असेल, तर १९७२ च्या कायद्याप्रमाणे आपल्याला ती परदेशी नेता येत नाही.)

गेल्या वर्षी वर्गात दाखवायला कंदील हवा होता म्हणून मी तिथे गेले. एका दुकानात फिरकीचा तांब्या दिसला. झाकण फिरवून घट्ट बसवायचा, प्रवासात न्यायचा. अगदी आमच्या आजीचा होता तसा! घरात स्टील आलं तेव्हा तो किलोच्या भावाने मोडीत गेला. आजी त्या दिवशी जेवली नव्हती. मी किंमत विचारली आणि मुकाट्याने तांब्या खाली ठेवला. दुकानदार चाचा म्हणाले, "मॅडम, आपका वाला तो पिघल गया होगा. जो नहीं पिघला, वो इधर आता है."

भेंडी बाजारात १६.५ एकरांवरच्या जुन्या इमारतींच्या जागी मनोरे बांधायची योजना आहे, काही उभेही राहिलेत. "चाचा, तुमची गल्ली राहील ना?" मी विचारलं. त्यांनी नुसता हात वर केला आणि कंदिलाची काच पुसायला घेतली.

तो कंदील मी वर्गात नेला. पहिल्या बाकावरून लगेच प्रश्न आला, "बाई, याचं बटन कुठंय?"