लाडवांच्या डब्याआधी औषधांची पिशवी

उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली की आपल्यासारख्या जिल्ह्याच्या गावातही हल्ली परदेशवारीची बोलणी सुरू होतात. एक काळ असा होता की गावातला एखादा मुलगा विलायतेला निघाला तर निम्मे गाव स्टेशनवर निरोपाला लोटत असे. आता कुणाची मुलगी न्यू जर्सीत, कुणाचा मुलगा दुबईत, कुणाचे जावई सिडनीत. ज्यांचे तिकडे कुणी नाही तेही पतसंस्थेतली ठेव मोडून सिंगापूर-थायलंडची सहल करून येतात. चांगलीच गोष्ट आहे. जन्मभर राबलेल्या माणसांनी साठीनंतर जग पाहावे, नातवंडांना मांडीवर घ्यावे, यात आम्हा डॉक्टरांना आनंदच आहे.

माझी तक्रार आहे ती सामानाबद्दल!

विमान कंपन्या बहुधा एका बॅगेला २३ किलोची मर्यादा घालतात. हे तेवीस किलो भरण्याचा सोहळा घरोघरी महिनाभर चालतो. भाजणी, मेतकूट, कुरडया, बेसनाचे लाडू, गोडा मसाला. शेजारून काट्याचा वजनकाटा मागून आणायचा, बॅग उचलून पाहायची. किलोभर जास्त भरले तर स्वेटर बाहेर निघतो, लोणच्याची बरणी मात्र जागची हलत नाही. आणि औषधे? ती आठवतात निघण्याच्या आदल्या संध्याकाळी. मग दुकानात धाव. मिळतील तेवढ्या पट्ट्या घ्यायच्या, जागा वाचावी म्हणून खोकी फेकून द्यायची, काही जण तर सगळ्या गोळ्या सोलून एकाच प्लॅस्टिकच्या डबीत ओततात. ही डबी जाते मोठ्या बॅगेच्या तळाशी, म्हणजे विमानाच्या पोटात. ती बॅग दोन दिवस उशिरा आली तर काय, हा विचार कुणी करत नाही.

वाचकहो, यामागचे कारण माझ्या मते निष्काळजीपणा नाही, सवय आहे. आपल्या गावात आजारी पडणे फार सोपे असते. दवाखान्याच्या दारात पाऊल टाकताच डॉक्टर विचारतात, "काय काका, साखर पुन्हा वाढली का?" औषधाच्या दुकानात "ती सकाळची छोटी पांढरी गोळी द्या" एवढे म्हटले तरी दुकानदार बरोबर पट्टी काढून देतो. चिठ्ठी हरवली तरी अडत नाही. तुमचा रक्तदाब, तुमचे ऑपरेशन, तुम्हाला कोणत्या इंजेक्शनने पुरळ उठले होते, हे सारे या चार माणसांच्या डोक्यात साठवलेले असते. परदेशी विमानतळावर उतरलात की ही ओळख संपली. तिथल्या डॉक्टरपुढे तुम्ही कोरा कागद असता. म्हणून माझे स्पष्ट मत आहे की बॅगेत सर्वांत आधी जायला हवा तो लिहिलेला कागद.

त्या कागदावर काय असावे? पासपोर्टवर आहे तसेच नाव, वय, रक्तगट. कोणते आजार आहेत व किती वर्षांपासून. कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे. आणि मुख्य म्हणजे चालू औषधांची मूळ रासायनिक नावे, किती मिलिग्रॅम, दिवसातून किती वेळा. कंपनीने ठेवलेले नाव तिथे निरुपयोगी. आपल्याकडच्या तापाच्या गोळीचे खोक्यावरचे नाव अमेरिकेत कुणालाच कळणार नाही. इतकेच काय, 'पॅरासिटामॉल' हे मूळ नावही तिथे चालत नाही, तिथे त्याला 'ॲसिटामिनोफेन' म्हणतात. दम्याच्या पंपातले आपले 'साल्ब्युटामॉल' तिथे 'अल्ब्युटेरॉल' होते. आपल्याकडे अंगदुखीसाठी सर्रास घेतली जाणारी 'निमेसुलाइड' तर अमेरिकेत विकलीच जात नाही. हा कागद इंग्रजीत, टंकलिखित, डॉक्टरांच्या सही-शिक्क्याचा असावा, आणि त्याचा फोटो मोबाईलमध्येही असावा. असा कागद देणे हे आम्हा डॉक्टरांचे कर्तव्यच आहे. कुणी "आमचे अक्षर तिथे कोण वाचणार" असे हसून टाळू लागले तर खुशाल हट्ट धरून बसा.

माझे एक रुग्ण, निवृत्त शिक्षक, मुलाकडे अमेरिकेत सहा महिन्यांसाठी गेले. रक्तदाबाच्या गोळ्या नेल्या दोन महिन्यांच्या. संपल्या की तिकडे विकत घेऊ, हा हिशेब. तिथल्या दुकानदाराने भारतातली चिठ्ठी पाहिली आणि नम्रपणे परत केली. तिथे तिथल्याच डॉक्टरची चिठ्ठी लागते. मुलाला खर्चात कशाला पाडा, म्हणून गुरुजींनी घरात कुणाला न सांगता उरलेल्या गोळ्या अर्ध्या-अर्ध्या करून घेतल्या, मग त्याही संपल्या. तीन आठवड्यांनी स्वयंपाकघरात घेरी येऊन पडले. जीव वाचला. बिलाचा आकडा मुलाने त्यांना आजतागायत सांगितलेला नाही.

अमेरिकेत स्वतःच्या वापरासाठी साधारण ९० दिवसांची औषधे सोबत नेता येतात, जपानमध्ये डॉक्टरच्या चिठ्ठीवरची औषधे महिन्याभराची. मुक्काम त्याहून मोठा असेल तर मुलाला निघण्याआधीच तिथल्या डॉक्टरची वेळ ठरवून ठेवायला सांगा. संकोच करू नका. तिकिटाला पैसे घालणारा मुलगा गोळ्यांना नाही म्हणत नाही.

औषधे मूळ पट्टीत आणि खोक्यात, हातातल्या पिशवीत. यात मधुमेह्यांनी जास्तच काटेकोर राहावे. इन्सुलिन विमानाच्या पोटातल्या सामानात कधीही टाकू नये, तिथल्या थंडीत ते गोठू शकते, आणि एकदा गोठलेले इन्सुलिन वितळले तरी कामाचे राहत नाही. दिसायला मात्र तसेच दिसते, हा धोका. बहुतेक विमानतळांवर हातातल्या सामानात १०० मिलिलिटरहून मोठी द्रवाची बाटली नेऊ देत नाहीत. औषधांना यातून सूट असते, पण चिठ्ठी दाखवावी लागते. शिवाय घड्याळाचा प्रश्न. न्यूयॉर्क आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेनऊ तास व हिवाळ्यात साडेदहा तास मागे आहे. पश्चिमेला जाताना तुमचा तो दिवस तेवढा लांबतो, परतताना आखूड होतो. त्या दिवशी इन्सुलिन कधी आणि किती, हे निघण्यापूर्वी डॉक्टरांकडून लिहूनच घ्या, विमानात अंदाजाने नको.

आता जे नेऊ नये त्याविषयी. इथे आपला भाबडेपणा महागात पडतो. खोकल्याच्या काही औषधांत कोडीन असते, दुखण्यावरच्या काही गोळ्यांत ट्रॅमाडॉल, झोपेसाठी कित्येकांना अल्प्राझोलाम चालू असते. दुबई-अबूधाबीच्या कायद्याने ही नियंत्रित औषधे आहेत. आगाऊ परवानगी न घेता नेली तर पोलिसांशी गाठ पडू शकते. सर्दीच्या काही गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन असते, त्यावर जपानमध्ये कडक निर्बंध आहेत. "शेजाऱ्याच्या मुलासाठी एवढे पाकीट न्या" असे कुणी म्हटले तर आत काय आहे ते पाहिल्याशिवाय मुळीच घेऊ नका. खसखशीचीही तीच गत. आपल्या दृष्टीने ती अनारशाला लावायची साधी वस्तू, पण अफूच्या बोंडातली म्हणून अमिरातीत निषिद्ध. दिवाळीला लेकीकडे अनारसे नेणाऱ्या भगिनींनी हे लक्षात ठेवावे. सुक्या खोबऱ्याच्या वाट्याही विमानात चालत नाहीत, त्यातल्या तेलामुळे त्या पेट घेऊ शकतात. तंबाखू चघळणाऱ्या मंडळींनी सिंगापूरला जाताना पुडी घरीच ठेवावी, तिथे ती नेण्यास बंदी आहे. (कायमची घरी ठेवली तर अधिक उत्तम!) आणि वैद्यबुवांचे चूर्ण कागदाच्या पुडीत बांधून नेऊ नका. लेबल नसलेली भुकटी पाहून तिथला अधिकारी काय समजेल ते सांगायला हवे का? न्यायचेच तर सीलबंद, नाव छापलेल्या डबीत न्या.

आफ्रिकेत केनियासारख्या देशात जंगल पाहायला जाणाऱ्यांना पीतज्वराची लस घ्यावी लागते. ती सरकारमान्य केंद्रातच मिळते, आणि प्रमाणपत्र लस घेतल्यावर दहा दिवसांनी लागू होते. २०१६ पासून ते जन्मभर ग्राह्य धरले जाते. दाखला नसेल तर परत आल्यावर आपल्याच विमानतळावरून सहा दिवस विलगीकरणात जावे लागते. साठीच्या पुढच्यांनी ही लस घेण्याआधी आपल्या डॉक्टरांशी बोलावे, कारण त्या वयात तिचे दुष्परिणाम क्वचित पण गंभीर होऊ शकतात.

प्रवास लांबचा असेल तर पायांकडे लक्ष हवे. तासन् तास एका जागी बसून पोटरीच्या शिरेत रक्त गोठते, आणि ती गाठ सुटून फुप्फुसात गेली तर प्राणावर बेतते. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार चार तासांहून अधिक प्रवासाने हा धोका सुमारे दुप्पट होतो. तरीही तो सहा हजारांत एकाला, म्हणून घाबरू नये. तासा-दीड तासाने उठून चालावे, बसल्या बसल्या पावले वर-खाली करावीत. विमानातली हवा फार कोरडी असते, पाणी घोट-घोट पीत राहावे. "उठावे लागते" म्हणून पाणीच न पिणारे आपल्याकडे पुष्कळ, विशेषतः बायका. पूर्वी अशी गाठ झालेल्यांनी किंवा नुकतेच ऑपरेशन झालेल्यांनी मापाचे घट्ट मोजे घ्यावेत. ॲस्पिरीन मात्र आपल्या मनाने नको.

किरकोळ वस्तू म्हणाल तर जलसंजीवनीची पाकिटे, इसबगोलचे सीलबंद खोके, व्हॅसलिन, चष्म्याची दुसरी जोडी, श्रवणयंत्राच्या बॅटऱ्या. इसबगोल पाहून हसू नका. जागा बदलली, पाणी कमी झाले, जेवणात ब्रेड आला की आपल्या माणसांची पहिली तक्रार जुलाबाची नसते, उलटीच असते. त्यातून पाश्चात्त्य देशांत शौचालयात पाण्याऐवजी कागद. मूळव्याधीच्या रुग्णांचे त्या कागदाने जे हाल होतात ते त्यांनाच ठाऊक. एक प्लॅस्टिकचा छोटा मग बॅगेत टाका, लाजू नका. बूट नवे घेऊ नका. प्रवासासाठी कोरे करकरीत बूट घालून गेलेल्या मधुमेही माणसाला टाचेवर फोड येतो, पायाला बधिरपणा असल्याने तो कळत नाही, आणि चिघळलेला पाय घेऊन तो सहलीहून थेट दवाखान्यात येतो. महिनाभर वापरलेलेच बूट न्या.

विम्याचा कागद औषधांच्याच पिशवीत ठेवावा. युरोपच्या शेंगेन व्हिसाला किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा सक्तीचाच आहे. इतरत्र सक्ती नसली तरी घ्यावाच. मात्र हप्ता कमी पडावा म्हणून रक्तदाब, साखर लपवून विमा काढण्याचा शहाणपणा करू नये. ऐन वेळी कंपनी जुने कागद मागते आणि हात वर करते. आधीपासूनच्या आजाराचा खर्च मिळतो की नाही, एवढे एकच वाक्य एजंटाकडून लेखी घ्या.

राहता राहिला प्रश्न चकल्या-लाडवांचा, जो दवाखान्यात मला हमखास विचारला जातो. न्या की! कोण नको म्हणतो? पण आधी औषधांची पिशवी भरून होऊ द्या, आणि फराळ दुकानातून सीलबंद करून घ्या. ऑस्ट्रेलियात उतरताना विमानात जो फॉर्म देतात त्यावर खाण्याचा पदार्थ आहे, औषध आहे, असे खरे-खरे लिहा. लिहिले तर अधिकारी पिशवी उघडून पाहतो, बहुधा परत देतो, फार तर काढून घेतो. न लिहिता सापडले तर दंड होतो, आणि तो लाडवांच्या किमतीच्या कितीतरी पट असतो.