शिकणारे शरीर आणि आपली समीक्षा

जिमविषयी मराठी साहित्यवर्तुळात बोलणे निघाले, की एक ठरावीक सूर लागतो. आरसे, आत्मरती, बाजारपेठ, चित्रपटनटांचे अनुकरण, प्रोटीनचे डबे. आणि शेवटी, आजचा माणूस कसा एकटा पडला आहे याविषयीचा एक हळवा परिच्छेद. हे लिहिणाऱ्यांपैकी बहुतेकांनी जिमचा जिना चढलेला नसतो, हे त्यांच्या लिखाणावरूनच कळते. कारण आत गेलेल्या माणसाला आरशाच्याही आधी जाणवते ती इतर माणसांची गरज.

एक साधी गोष्ट सांगतो. बाकावर पाठ टेकून छातीवरून वजन उचलायचे असते, तेव्हा शेवटच्या दोन-तीन खेपांना हात थरथरू लागतात. अशा वेळी ‘भाऊ, जरा सपोर्ट द्या’ एवढे म्हणायचा अवकाश, शेजारचा अनोळखी माणूस आपला सेट सोडून तुमच्या डोक्यामागे येऊन उभा राहतो. दांड्याखाली दोन्ही हात धरतो, पण लावत नाही. केव्हा लावायचे आणि किती लावायचे, हे त्याने ओळखायचे असते. लवकर लावले तर तुमचा प्रयत्न फुकट. उशीर झाला तर साठ किलो तुमच्या छातीवर. अध्यापनाची याहून नेमकी व्याख्या मला माहीत नाही, आणि मी पंधरा वर्षे पदव्युत्तर वर्गांना शिकवतो आहे.

मी ज्या जिमविषयी बोलतो आहे ते एका तालुक्याच्या गावी, पतसंस्थेच्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर आहे. तिथे औषधांच्या दुकानातला मुलगा येतो, न्यायालयातला कारकून येतो, सेंट्रिंगची कामे घेणारा तरुण येतो, साठी उलटलेले एक निवृत्त मुख्याध्यापक येतात. ‘सर, पाठ वाकतीय, वजन कमी करा,’ असे तो सेंट्रिंगवाला तरुण मुख्याध्यापकांना सांगतो आणि ते मुकाट्याने दोन चकत्या काढून ठेवतात. आपल्या समाजात असे दृश्य आणखी कुठे पाहायला मिळते, याचा जाणकारांनी शोध घ्यावा. चर्चासत्रात मिळत नाही. साहित्य संमेलनाच्या मांडवात तर नाहीच नाही. तिथे कोण कुठल्या रांगेत बसणार हे आधीच ठरलेले असते. जिममध्ये अधिकार येतो तो पाठ सरळ ठेवून वजन उचलता येते यातून. तो अधिकार कुणाच्या बापजाद्यांकडून मिळत नाही आणि उसनाही आणता येत नाही.

आता मूळ मुद्दा. मराठी साहित्यात शरीर नाही, असे कुणी म्हणणार नाही. भुकेले शरीर आहे. दया पवारांच्या ‘बलुतं’नंतर (१९७८) ते नाकारण्याची कुणाची छाती नाही. राबणारे, कामातुर, आजारी, सोसणारे शरीर आहे, आणि स्त्रीवादी समीक्षेने त्या सोसण्याचे राजकारणही दाखवून दिले आहे. पण शिकणारे शरीर? ज्याला काल जमत नव्हते ते आज जमते आहे, आणि या जमण्यातून ज्याचे मनही हळूहळू बदलते आहे, असे शरीर आपल्या लेखकांना क्वचितच दिसले; समीक्षकांना तर त्याहून कमी. शरीराला वळण लावण्याचा प्रयत्न करणारा माणूस मराठीत आला की तो विनोदी लेखनात येतो. पु. ल. देशपांडे यांच्या ‘बटाट्याची चाळ’मधील (१९५८) ‘उपास’ हा लेख आपण सगळेच हसत वाचतो, मीही वाचतो. पण वजनाच्या काट्यावर उभा असलेला माणूस हा हसण्याचाच विषय असतो, असे एका अख्ख्या मध्यमवर्गाने ठरवून टाकावे, यात विनोदापलीकडचे काहीतरी आहे. हातापायांनी जे शिकायचे ते खालच्या दर्जाचे आणि जिभेने जे शिकायचे ते वरच्या, ही ती जुनी उतरंड. तिचा उगम कुठला, हे या वाचकवर्गाला सांगण्याची गरज नाही.

गंमत अशी, की आपली भाषा ही उतरंड मानत नाही. ‘तालीम’ हा शब्द पाहा. मुळात तो अरबी, अर्थ शिक्षण. हिंदी-उर्दूत आजही तो शिक्षणासाठीच वापरतात आणि गांधीजींच्या शिक्षणयोजनेला ‘नई तालीम’ हेच नाव होते. मराठीत मात्र तालीम म्हणजे कुस्तीचा आखाडा, नाटकाची तालीम आणि गवयाला गुरूकडून मिळते तीही तालीमच. एकच शब्द हौद्यातल्या मातीला, रंगमंचाला आणि तंबोऱ्याला पुरला, कारण तिन्ही ठिकाणी घडते ते एकच: तेच ते पुन्हा पुन्हा करणे आणि प्रत्येक खेपेला ते थोडे वेगळे होणे. जिममधला ‘रेप’ म्हणजे याच आवर्तनाचे इंग्रजी लघुरूप. दर आठवड्याला अडीच किलो वाढवण्याचा हिशेब ठेवणारी पोरे एका अर्थी रियाझच करीत असतात. आपण त्यांना आत्ममग्न म्हणतो. रात्रभर एकच ओळ घोळवणाऱ्या कवीला मात्र साधक म्हणतो.

ज्या ‘अकादमी’च्या पुरस्कारांकडे आपले डोळे लागलेले असतात, तो शब्द तरी कुठून आला? प्लेटोची अकादमी भरत असे ती अथेन्सबाहेरच्या एका व्यायामशाळेच्या परिसरात. अ‍ॅरिस्टॉटलचे लायसियमही तसेच. ‘लायसिस’ हा प्लेटोचा संवाद मैत्री म्हणजे काय याविषयी आहे आणि तो घडतो कुस्ती शिकवणाऱ्या एका आखाड्यात. सॉक्रेटिस रस्त्याने चालला आहे, पोरे त्याला आत बोलावतात आणि मैत्रीची चर्चा तिथेच सुरू होते. ‘जिम्नॅशियम’ला जर्मन भाषेत आजही शाळा असाच अर्थ आहे. तेव्हा जिम आणि ज्ञान यांची सांगड घालणे हा माझा वाह्यातपणा नव्हे.

‘पण यावर लिहिण्यासारखे आहे काय?’ असा प्रश्न येतो. इतरांनी लिहिले आहे. लोइक वाकाँ हा फ्रेंच समाजशास्त्रज्ञ १९८८ साली शिकागोच्या कृष्णवर्णीय वस्तीतल्या एका बॉक्सिंग जिममध्ये शिरला, सुमारे तीन वर्षे स्वतः मुष्टियुद्ध शिकला आणि त्यातून २००० साली पुस्तक आले. जोसेफ ऑल्टर याने बनारसच्या आखाड्यांवर १९९२ साली लिहिले. कॅथी अ‍ॅकर या अमेरिकी कादंबरीकर्तीचा १९९३चा निबंध तर साहित्याच्या विद्यार्थ्यांनी वाचावाच: व्यायाम करताना नेहमीची भाषा गळून पडते आणि केवळ आकडे व काही नामे उरतात, स्नायू वाढतो तो अपयशापर्यंत नेल्यामुळेच, असे ती सांगते. आपल्याकडे दत्तात्रेय चिंतामण मुजुमदारांनी बडोद्याहून १९३६ ते १९४९ या काळात ‘व्यायाम ज्ञानकोश’ दहा खंडांत काढला. मराठी गद्याच्या किती इतिहासांत त्याला परिच्छेदभर तरी जागा मिळाली आहे? शास्त्रीय परिभाषा, मौखिक परंपरेतले शब्द, पेचांची नावे, वस्तादांचे ज्ञान, सगळे त्यात लिखित मराठीत आले. हा भाषिक व्यवहार नव्हता, असे कोण म्हणेल?

इथे दुसऱ्या बाजूच्या मित्रांशीही भांडले पाहिजे. जिमला नावे ठेवणारे काही जण तालमीचे मोठे भक्त असतात. तांबडी माती, तिच्यात मिसळलेले ताक, हळद आणि तेल, कोपऱ्यातला मारुती, वस्तादांचा दरारा. यांच्या आठवणींनी त्यांचा कंठ दाटतो. कोल्हापूरच्या मोतीबाग आणि गंगावेश तालमी, शाहू महाराजांनी उभारलेले खासबाग मैदान, यांविषयीचा आदर मलाही आहे. पण त्या मातीत स्त्रीने पाय ठेवायचा नाही, हा रिवाज पिढ्यान्‌पिढ्या चालला, हे कसे विसरायचे? ‘महाराष्ट्र केसरी’ १९६१ साली सुरू झाली; महिलांची पहिली ‘महाराष्ट्र केसरी’ व्हायला २०२३ साल उजाडले, सांगलीत. आमच्या जिममध्ये दुपारची बॅच महिलांची असते. स्वयंपाक, धुणी आणि सासरच्यांची औषधे यांच्या मधल्या दीड तासात तिथे येणारी बाई स्वतःच्या अंगातली ताकद मोजून पाहते, बहुधा आयुष्यात प्रथमच. त्या बायका व्यायाम संपल्यावर अर्धा तास तिथेच बसून असतात, कारण घराबाहेर बसायला त्यांना गावात दुसरी जागाच नाही. चहाची टपरी पुरुषांची, पारही पुरुषांचा.

अर्थात जिममध्ये सारे आलबेल आहे, असे मुळीच नाही. महिन्याची फी न परवडणारे बाहेरच राहतात, आणि तालमीने हा दरवाजा अधिक उघडा ठेवला होता हे मान्य केले पाहिजे. इंजेक्शने घेऊन फुगवलेली शरीरे आहेत, त्यांचे पुढे काय होते तेही आपण पाहतो. बलदंड पोरे हाताशी ठेवणारे पुढारी आहेतच. मुंबईच्या गिरणगावातल्या व्यायामशाळा, तिथले ‘दादा’ आणि वस्तीचे राजकारण यांचे नाते राजनारायण चंदावरकरांनी १९९४च्या आपल्या ग्रंथात तपशिलाने मांडले आहे. शरीराच्या पूजेचे टोक कुठे जाते हे पाहायचे तर मिशिमा आहे: शरीरसाधनेवरचे त्याचे पुस्तक १९६८चे, आणि १९७० साली लष्करी तळावरचा तो भयानक शेवट. पण नेमक्या याच कारणांसाठी इथे समीक्षेची गरज आहे. ज्या जागेत इतके तरुण रोज दीड-दोन तास घालवतात, तिथे कोणते शब्द, कोणती श्रद्धा आणि कोणते पुरुषपण घडते आहे, हे पाहायला आपण गेलो नाही, तर दुसरे कुणीतरी तिथे आधीच पोचलेले असते.

पूर्वीचे काही अध्यापक इतके सोवळे नव्हते. खाशाबा जाधवांना १९५२च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जायला पैसे नव्हते, तेव्हा ते ज्या राजाराम महाविद्यालयात शिकले तिथले प्राचार्य राहिलेल्या खर्डेकरांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले, असे सांगितले जाते. खाशाबा कांस्यपदक घेऊन आले. एका पैलवानासाठी घर गहाण टाकणारा प्राचार्य आज आपल्याला चमत्कार वाटतो, यात आपल्याविषयीच काही सांगितले गेले आहे.

हे सारे लिहावेसे वाटले त्याला निमित्त घडले. माझ्या एका विद्यार्थिनीने प्रबंधासाठी ‘तालीम ते जिम: व्यायामाच्या भाषेतील स्थित्यंतर’ असा विषय मांडला. ती स्वतः दुपारच्या बॅचला जाते. तिने वर्षभरात एक जाड वही भरली होती: खुराक, जोर, बैठका, शड्डू हे जुने शब्द; सपोर्ट, पंप, लेग डे हे नवे; कुठला शब्द कोण वापरतो, बायका कुठले वापरतात, वडीलधाऱ्यांसमोर कुठले टाळतात. समितीने वही उघडूनही पाहिली नाही. ‘हा साहित्याचा विषय नाही,’ असा शेरा मिळाला. आता ती ग्रामीण कादंबरीतील निसर्गचित्रणावर काम करते आहे. त्या विषयावरच्या आधीच्या प्रबंधांनी आमच्या ग्रंथालयातले एक फडताळ भरलेले आहे.