डावाला तिसरी हवी



दर रविवारी मी माहेरी जाते, ते बाबांशी पत्ते खेळायला. मागे एकदा त्यांना पाच-तीन-दोनची हुक्की आली. डावाला तिघे हवेत, म्हणून वहिनीला हाक मारली. ती म्हणाली, "पोळ्या कोण करणार?" मी ओशाळले. आमचा विरंगुळा तिच्या राबण्यावर चालला होता.

आईवडिलांच्या निर्वाहाच्या २००७ च्या कायद्यात मुलगा, मुलगी आणि सज्ञान नातवंडे जबाबदार आहेत. सुनेचे नाव नाही. घरोघरी राबते मात्र तीच.

आता रविवारी दादा पोळ्या लाटतो, मी भाजते, बाबा वाटाणे सोलतात. मग वहिनीसह डाव बसतो. तिचे हात जास्त झाले की बाबा खोटेखोटे रुसतात.

तुमच्या घरी डाव रंगतो तेव्हा स्वयंपाकघरात कोण असते, एवढे जरूर पाहा.