चांदबिबी महालात चांदबिबी नाही

नगरहून पाथर्डीच्या रस्त्याने निघालात की साधारण तेरा किलोमीटरवर शाह डोंगर लागतो. माथ्यावर एक अष्टकोनी, तीन मजली दगडी इमारत आहे. शाळांच्या सहली येतात, तरुण मुले मोटारसायकली लावून फोटो काढतात, पावसाळ्यात तर रविवारी जत्राच भरते. या इमारतीला सगळा जिल्हा चांदबिबीचा महाल म्हणतो. चांदबिबी इथे कधी राहिली नाही आणि तिची कबरही इथे नाही. ही कबर सलाबतखानाची आहे. मुर्तजा निजामशाहाचा हा वजीर. नगरच्या नहरींशी आणि बागांशी ज्याचे नाव सर्वाधिक जोडले जाते, तो हाच माणूस.

गेली दोन-तीन वर्षे आपल्याकडे शहराच्या नावावरून जो काही गदारोळ झाला, त्यात सलाबतखानाचे नाव मी एकाच्याही तोंडून ऐकले नाही. ३१ मे २०२३ रोजी चौंडीला नामांतराची घोषणा झाली, २०२४ साली ते अधिकृत झाले. तेव्हापासून एका बाजूला गुलाल आहे आणि दुसऱ्या बाजूला सुतक. गुलालवाल्यांना वाटते, परकीयांची खूण पुसली. सुतकवाल्यांना, म्हणजे आपल्या लोकांना वाटते, आपला इतिहास पुसला. मला दोघांनाही विचारायचे आहे की तुम्ही नेमके काय पुसले किंवा तुमचे नेमके काय पुसले गेले, ते कधी जाऊन पाहिले आहे का?

या शहराचा खरा वारसा बराचसा जमिनीखाली आहे. १४९० साली भिंगारजवळच्या लढाईत बहामनी फौजेला हरवल्यावर मलिक अहमदने ज्या जागी शहर वसवायला घेतले, तिथे सीना नावाची नदी होती खरी, पण ती वर्षातले किती महिने वाहते हे नगरकरांना सांगायला नको. पर्जन्यछायेतला मुलूख. राजधानीची वस्ती, फौज, हत्ती-घोडे, बागा, हमामखाने एवढे सगळे त्या नदीवर जगणे शक्य नव्हते. म्हणून शहराभोवतीच्या टेकड्यांच्या पायथ्याशी जिथे झरे होते तिथे विहिरी खणल्या आणि तिथून खापरी नळ जमिनीखालून शहरापर्यंत आणले. कापूरवाडी, वडगाव, भिंगार, शहापूर अशा दिशांनी या नहरी येत. मोट नाही, रहाट नाही, पंप तर नाहीच. फक्त उतार. उतार जरा जास्त झाला तर नळ फुटतो, कमी झाला तर गाळ बसतो. नळात कोंडलेली हवा बाहेर पडावी म्हणून ठरावीक अंतरावर उसासे बांधलेले. शहरात पाणी हौदांत पडायचे, हौदांतून पुढच्या हौदांत. दुर्बीण लावून लेव्हल घेणारा इंजिनीअर नसताना मैलोन् मैल हा उतार कसा साधला असेल याचा विचार करा, आणि मग 'त्यांनी केले काय' हे वाक्य उच्चारा.

हे काम इतके पक्के होते की निजामशाही १६३६ साली संपल्यावरही नहरी संपल्या नाहीत. मोगल आले, मराठे आले, इंग्रज आले. १८८४ सालच्या गॅझेटियरमध्ये नगरच्या पाणीपुरवठ्याची माहिती वाचा, तिथे याच जुन्या नळांचा हिशेब मांडलेला आहे. मुळा धरणाचे पाणी शहरात यायला विसावे शतक बरेच सरावे लागले. म्हणजे ज्यांना आज परकीय म्हटले जाते त्यांच्या नळाचे पाणी नगरच्या कितीतरी पिढ्या प्यायल्या. त्यात बामण, मराठा, माळी, मोमीन, पद्मशाली सगळेच आले.

परकीय या शब्दाचेही एकदा बघून घेऊ. मलिक अहमदचा बाप मलिक हसन हा मूळचा पाथरीचा, ब्राह्मण घरातला तिमाभट. पाथरी परभणी जिल्ह्यात आहे, समरकंदात नव्हे. शाहशरीफ दर्ग्यावर श्रद्धा ठेवून मालोजीराजांनी मुलांची नावे शहाजी आणि शरीफजी ठेवली, तो दर्गा याच नगरात आहे. आणि मोगलांनी दौलताबाद घेऊन निजामशाही बुडवली तेव्हा एका लहान मुलाला निजामशाहीच्या गादीवर बसवून तीन वर्षे ती दौलत चालवली शहाजीराजांनी, संगमनेर तालुक्यातल्या पेमगिरीवरून. पेमगिरीलाही सहली जातात. तिथे शहाजीराजांचा जयजयकार होतो, तो व्हायलाच हवा. पण त्यांनी वाचवायला घेतलेले राज्य कोणते होते, हा प्रश्न कुणी विचारत नाही.

खापरी नळांकडे परत येतो, कारण मला त्यातली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. ते हजारो नळ सुलतानाने भाजले नाहीत. ते कुंभाराने घडवले असणार. चर खणणारे, दगड फोडणारे, चुना मळणारे हात इथल्याच गावांतले असणार. त्यांची नावे कुठल्या तवारिखेत नाहीत. फरिश्त्यासारखा इतिहासकार मुर्तजाच्या पदरी होता, त्याने दरबाराचे बारीकसारीक लिहिले, पण नळ घडवणाऱ्याचे नाव त्याला लिहावेसे वाटले नाही. मग ही नहर फक्त मुसलमानांची कशी? ती त्या कुंभाराच्या वंशजांचीही आहे, आणि त्यांनाच आज सांगितले जाते की ही परक्यांची घाण आहे. बहुजनांच्या हाताचे काम बहुजनांकडूनच नाकारून घ्यायचे, असा हा डाव आहे.

आता आपल्या घरातले बोलू.

नगरचा विषय निघाला की आपल्या भाषणांत एक वाक्य हमखास येते. हे शहर कैरो-बगदादच्या तोडीचे होते. टाळ्या पडतात. भाषण करणाऱ्याला विचारा, फरहाबागेत शेवटचे कधी गेला होतास? बरेच जण शाळेत असताना गेलेले असतात. फरहाबाग म्हणजे मोठ्या तलावाच्या मधोमध बांधलेला अष्टकोनी महाल, चारी बाजूंनी पाणी, उंच कमानी, उन्हाळ्यातही आत गारवा. आज महाल उभा आहे, तलाव कोरडा आहे. हश्त बिहिश्त बागेची अवस्था त्याहून वाईट. आठ स्वर्ग असे नाव असलेल्या त्या बागेत आता काटेरी झुडपे आणि ढासळलेल्या भिंती आहेत. दमडी मशिदीचे दगडी कोरीव काम महाराष्ट्रात क्वचितच कुठे सापडेल असे आहे. किल्ल्यावर राबणाऱ्या मजुरांनी दमडी-दमडी जमवून ती बांधली अशी आख्यायिका आहे. ती खरी असो नसो, गरिबांनी ती आपली मानली एवढे त्यातून कळते. बागरोजा, म्हणजे मलिक अहमदचा मकबरा, शहराच्या संस्थापकाचा. उरुसाला जितकी माणसे एका दर्ग्यात एका रात्री जमतात, त्याच्या शंभराव्या हिश्श्याइतकी वर्षभरात तिथे फिरकत नसावीत.

यावर आपल्यातली धार्मिक मंडळी म्हणतात की कबरी आणि महाल सांभाळणे हे काही दीनचे काम नाही. घटकाभर मान्य करू. मग पाणी? माणसाच्या मृत्यूनंतरही ज्याचे पुण्य चालू राहते त्या सदका-ए-जारियाची उदाहरणे देताना आपले मौलाना सर्वांत आधी विहीर सांगतात. हजरत उस्मान यांनी मदिनेत रूमाची विहीर विकत घेऊन सर्वांना खुली केली, हे लहान मुलालाही मदरशात शिकवतात. हारून रशीदची बेगम जुबैदा, तिने मक्केच्या वाटेवर हाजींसाठी नहर आणली, ती शतकानुशतके चालली. आपण जुबैदाच्या नहरीचे गोडवे गातो आणि आपल्या पायाखालच्या नहरीवर कचरा टाकतो.

जुबैदाचे नाव मी मुद्दाम घेतले. यात्रेकरूंच्या वाटेवर विहिरी, बारवा, घाट, धर्मशाळा बांधणारी आपल्याकडची राणी कोण? अहिल्याबाई होळकर. १७२५ साली याच जिल्ह्यात, जामखेड तालुक्यातल्या चौंडीत जन्मलेली. तिच्या नावाने मुसलमानाने नाक मुरडावे असे काहीएक कारण नाही. ज्या समाजाला जुबैदा कळते त्याला अहिल्याबाई कळायला हवी. माझा आक्षेप तिच्या नावाला नाही. तिचे नाव एखाद्याच्या डोक्यात हाणायची काठी म्हणून वापरण्याला आहे. त्या बाईने आयुष्यभर पाण्याची कामे केली, आणि तिच्या नावाचा जयघोष करणाऱ्यांना शहरातल्या साडेचारशे-पाचशे वर्षांच्या जलव्यवस्थेचा साधा नकाशा लोकांसमोर लावावासा वाटला नाही. रस्ता खोदताना खापरी नळ लागला की जेसीबीवाला काय करतो? पुढे खोदतो. त्याला कुणी सांगितलेलेच नसते की हे काय आहे.

शेजारच्या शहरांकडे बघा. बुऱ्हाणपूरचा कुंडी भंडारा १६१५ सालचा, अब्दुल रहीम खानखानाच्या अमदानीतला. लोक लिफ्टने विहिरीत उतरून तो पाहतात. पुण्यात नानासाहेब पेशव्यांच्या काळातल्या कात्रजच्या नळावर लेख येतात, पुस्तके निघतात, रविवारी लोक उसासे शोधत हिंडतात. चांगलेच आहे. औरंगाबादेत मलिक अंबरच्या नहरीसाठी काही माणसे वर्षानुवर्षे भांडत आली आहेत, पाणचक्की पाहायला आजही तिकीट काढून गर्दी होते. मलिक अंबर तरी कुठे तयार झाला? तो गुलाम म्हणून आला तो निजामशाहीचा पेशवा चंगेजखान याच्या पदरी, नगरच्या दरबारात. खडकीत त्याने जी नहर आणली तिच्याआधी नगरच्या नहरी वाहत होत्या. नातवाच्या घराला तिकीट आहे आणि आजोबाच्या घरात उकिरडा.

यावर एक चांगला आक्षेप येतो, तोही घेऊ. या नहरी सुलतानांच्या चैनीसाठी होत्या, बागांतल्या कारंज्यांसाठी, रयतेसाठी नव्हत्या, असे काही मित्र म्हणतात. त्यात तथ्य आहे. बागांना पाणी आधी मिळत असणार आणि मोहल्ल्यांना नंतर. मुर्तजा निजामशाह तर राज्यकारभार वजिरांवर टाकून बागेत कोंडून घेणारा, लोक त्याला दिवाणा म्हणत. पाण्याच्या एवढ्या नादी असलेल्या या माणसाला त्याच्याच मुलाने १५८८ साली हमामखान्यात मारले. अशा सुलतानाची आरती ओवाळा असे मी म्हणत नाही. पण चैनीचे म्हणून जर फेकायचे तर या देशातला एकही राजवाडा शिल्लक राहणार नाही. शिवाय कारंजी बंद पडल्यानंतरही तीनशे वर्षे जे पाणी हौदांत पडत राहिले, ते काही चैनीचे नव्हते.

सलाबतखानाचे पुढे काय झाले, तेही सांगितले पाहिजे. याच मुर्तजाने लहर लागली तेव्हा त्याला कैदेत टाकायचे फर्मान काढले. हाताशी फौज होती, लोक बाजूने होते, तरी तो मुकाट्याने गेला असे फरिश्ता सांगतो. त्याची कबर त्या डोंगरावर आहे, आणि तिच्यावरून त्याचे नाव कोणत्याही मंत्रिमंडळाने काढलेले नाही. लोकांनीच काढले. चांदबिबी अकबराच्या फौजेशी किल्ल्याच्या तटावर लढली, तिची कथा रंगतदार, म्हणून लोकांनी तिला डोंगरावरचा महाल देऊन टाकला आणि पाणी देणारा विसरले. यात हिंदूंइतकेच मुसलमानही होते. नामांतराविरुद्ध निवेदने देणाऱ्या आपल्या कार्यकर्त्यांच्या व्हॉट्सॲपवरही त्या इमारतीचा फोटो 'चांदबिबी महाल, आमची शान' असाच फिरतो.

याच जिल्ह्यात हिवरेबाजार आहे, राळेगणसिद्धी आहे. डोंगरमाथ्यावर पडलेले पाणी पायथ्याशी कसे मुरवायचे हे शिकायला देशभरातून लोक इथे येतात. निजामशाहीच्या नहरी त्याच तत्त्वावर होत्या. टेकडीत पाणी मुरले तर पायथ्याच्या विहिरीला झरा, झरा असला तर नळाला पाणी. आज नहरींच्या उगमाजवळ बोअर घेऊन झरे मारले जात असतील तर नुसती भिंत लिंपून नहर जिवंत होणार नाही. म्हणून हे काम पुरातत्त्व खात्याच्या पाटीपुरते राहता कामा नये. त्यात भूजलवाले हवेत, महापालिका हवी, नगरच्या कॉलेजांतली भूगोल आणि स्थापत्यशास्त्र शिकवणारी माणसे हवीत. पहिली पायरी मात्र अगदी स्वस्त आहे. वयस्कर लोकांना घेऊन मोहल्ल्या-मोहल्ल्यांतले हौद, उसासे, नळाचे उघडे पडलेले तुकडे शोधायचे, फोनवर जागा नोंदवायच्या आणि नकाशावर टाकायच्या. कोठल्यात मोहरमच्या सवाऱ्या निघतात तेव्हा हिंदू-मुसलमान मिळून जेवढी तरुण पोरे राबतात, त्यातली वीस पोरे चार रविवार देतील तर निम्मे काम होईल. ज्यांना अहिल्याबाईंच्या नावाने काही करायचे आहे त्यांनीही यावे. बारवा साफ करणारी पथके महाराष्ट्रात आहेतच, त्यांनी नहरीच्या विहिरी कुणाच्या म्हणून सोडू नयेत.

आणि शाह डोंगरावर पायथ्याशी, लोक गाड्या लावतात तिथे, मराठीत ठळक अक्षरांत एक फलक हवा. त्यावर सलाबतखानाचे नाव हवे, आणि खाली कंसात 'लोक याला चांदबिबी महाल म्हणतात'. आजवर निवेदनांवर जेवढे कागद आणि शाई गेली, त्यापेक्षा याला कमी खर्च येईल. पुढचे निवेदन निदान याचे द्या.