आधी पुढचे शॉकअप, मग सायलेन्सर

कॅल्गरीत राहणाऱ्या एका मराठी वाचकाने जुनी केटीएम 450 एसएक्स-एफ घेतली, तिला बर्फावर चालवायचा संच बसवला. आता उरलेल्या पैशांत सायलेन्सर बदलू की पुढचे शॉकअप, असं त्यांनी विचारलंय. माझं उत्तर शॉकअप, आणि त्यात मला तिळमात्र शंका नाही.

ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. डर्ट बाइकचं पुढचं चाक काढून तिथे रुंद स्की लावतात. मागचं चाक आणि स्विंगआर्म काढून दहा-अकरा फूट घेराचा रबरी पट्टा बसवतात. हीच स्नो बाइक. अमेरिकेतल्या आयडाहो राज्यात सँडपॉइंट गावी सुरू झालेल्या टिंबरस्लेडने हे संच लोकांपर्यंत नेले. 2015 मध्ये पोलारिसने ती कंपनी घेतली आणि 2017 मध्ये ॲस्पेनच्या एक्स गेम्समध्ये स्नो बाइकची शर्यतही आली.

गोम अशी, की मागच्या पट्ट्यासोबत बर्फासाठी बनवलेले नवे शॉकअप येतात, पुढचे शॉकअप, म्हणजे मातीसाठी बनवलेला फोर्क, मात्र तसाच राहतो. मातीत थ्रॉटल सोडला तरी चाक गडगडत राहतं. खोल बर्फात थ्रॉटल सोडला की पट्टा बर्फात रुततो आणि गाडी ब्रेक मारल्यासारखी थबकते. सगळा भार पुढे येतो, मऊ फोर्क दबतो, स्कीचं टोक खाली जातं. फोर्क दबला की त्याचा कोन उभा होतो आणि स्की डावी-उजवीकडे ओढू लागते. उतारावर झाडांमधून जाताना हे घडलं तर हँडल सांभाळता सांभाळता मनगटं भरून येतात. अशा वेळी सायलेन्सर बदलून मिळणारी जास्तीची ताकद काय कामाची?

शिवाय चालवणाऱ्याचं वजन मोजताना जाड कपडे, बूट, हिमस्खलनासाठीची एअरबॅग, फावडं, पाणी हे सगळं धरावं लागतं. मोटोक्रॉसच्या 450 गाडीत साधारण 5 न्यूटन प्रति मिलिमीटरच्या आसपासची स्प्रिंग असते. बर्फासाठी तिच्याहून एक-दोन पायऱ्या कडक स्प्रिंग घ्यावी, असं माझं मत आहे.

पण या वाचकाच्या गाडीत, ती 2017 किंवा नंतरची असेल तर, पुढे स्प्रिंगच नाही. डब्ल्यूपी कंपनीचा 'एईआर 48' हा हवेवर चालणारा फोर्क आहे. स्प्रिंगच्या फोर्कपेक्षा तो सुमारे दीड किलो हलका, आणि मोटोक्रॉसमध्ये त्याचा उपयोगही आहे. पण गॅरेजमध्ये 20 अंशांना 10 बार हवा भरून गाडी उणे 20 अंशांत नेली, तर तीच हवा आकसून दाब साडेआठच्या आसपास येतो. हवा गळलेली नसते, फोर्क मात्र मऊ झालेला असतो. दुपारी ऊन पडलं की दाब पुन्हा वेगळा. हा फोर्क ठेवायचाच असेल तर हवा डोंगरावर पोहोचल्यावर, गाडी थंडीत मुरल्यावर भरा. पण माझा सल्ला विचाराल तर स्प्रिंग बसवण्याचा संच मिळतो, तो घ्या. मागे एवढा जड पट्टा बसवल्यावर पुढे दीड किलो वाचवण्यात हशील नाही.

तेलाकडे तर फारच कमी लोक बघतात. थंडीत फोर्क ऑइल घट्ट होतं, दबलेला फोर्क वर यायला वेळ लावतो. तो पूर्ण वर येण्याआधी पुढचा उंचवटा आला की आणखी दबतो. पाच-सहा उंचवट्यांनंतर फोर्क खालीच अडकून बसतो आणि चालवणाऱ्याला वाटतं, स्प्रिंग मऊ आहे. म्हणून थंडीतही पातळ राहणारं, उच्च व्हिस्कॉसिटी इंडेक्सचं तेल घाला, रिबाउंडचा, म्हणजे फोर्क वर येण्याचा वेग ठरवणारा, क्लिकर थोडा उघडा आणि निघण्यापूर्वी हँडल धरून फोर्क दहा-बारा वेळा दाबा.

फोर्क किती दबतो याचा अंदाज घ्यायला महागडं काही लागत नाही. फोर्कच्या चकचकीत नळीवर एक झिप टाय हलकी आवळायची, वर सीलला टेकवायची आणि नेहमीच्या वाटेने एक फेरी मारायची. टाय किती खाली सरकली ते मोजपट्टीने बघा. फोर्कची चाल सुमारे 300 मिलिमीटर असते. मोठी उडी न मारताही टाय तळाला पोहोचली असेल, तर स्प्रिंग मऊ आहे. उलट दिवसभराच्या रगड्यानंतरही निम्म्यावरच असेल, तर स्प्रिंग फार कडक घेतलीये. फेरीनंतर नळीकडेही बघा. तिच्यावर बर्फाचा पापुद्रा धरलेला असतो आणि तो वर-खाली होताना सीलच्या ओठाला घासतो. निओप्रीनची खोळ घातली तर सील बऱ्यापैकी वाचतं.

मागच्या पट्ट्यातला लिमिटर स्ट्रॅप ओढून घेतला तरी स्कीवरचा भार वाढतो, सैल केला की कमी होतो. त्यामुळे फोर्क उघडण्याआधी तो तपासा, नाहीतर एका बाजूचा दोष दुसऱ्या बाजूला शोधत बसाल. स्कीचा आडवा रेटा फोर्कच्या दोन्ही पायांना पिळतो, म्हणून खालच्या क्लँपचे बोल्ट पहिल्या फेरीनंतर टॉर्क रेंचने पुन्हा बघायला हवेत.

माझी तक्रार संच विकणाऱ्यांकडे आहे. काही हजार डॉलर घेताना त्यांनी गिऱ्हाईकाचं सामानासकट वजन आणि गाडीचं मॉडेल विचारावं, आणि पुढे कोणती स्प्रिंग घालायची ते पावतीवर लिहून द्यावं.