लाटसाहेबांच्या अंगणात

गणेशखिंडीतली ती मनोऱ्याची इमारत मुळात विद्येसाठी बांधलेलीच नव्हती. मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांनी 1864 मध्ये पावसाळी मुक्कामासाठी तिचं काम सुरू केलं आणि खर्च इतका फुगला की विलायतेतही बोंब झाली. 22 जून 1897 च्या रात्री व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाचा हीरक महोत्सव इथेच साजरा झाला. तिथून परतणाऱ्या प्लेग अधिकारी रँडवर चापेकर बंधूंनी गोळी झाडली ती गणेशखिंडीच्याच रस्त्यावर.

1949 मध्ये पुणे विद्यापीठ स्थापन झालं, बॅरिस्टर मुकुंदराव जयकर पहिले कुलगुरू झाले आणि लाटसाहेबांच्या घरात विद्यापीठ नांदू लागलं. 2014 मध्ये त्याला सावित्रीबाई फुले यांचं नाव मिळालं. याच शहरात शिकवायला जाताना त्यांनी शेणाचा मारा सोसला होता. नाव द्यायला मात्र आपण पासष्ट वर्षं घेतली!

या अंकात इमारतीचं कौतुक कमी आहे, ते मुद्दामच. आम्हाला लिहायचं होतं ते ‘कमवा व शिका’ योजनेत दुपारी बागकाम करून संध्याकाळी व्याख्यानाला बसणाऱ्यांबद्दल, रिफेक्टरीतल्या जेवणाच्या रांगेबद्दल, जयकर ग्रंथालयात जागा धरायला सकाळीच पोचणाऱ्या मुलामुलींबद्दल. गावाकडून आलेल्या अनेकांचं पुणं म्हणजे एवढंच: वसतिगृहातली कॉट, मेसचं कार्ड आणि वडापिंपळांखालचा कटिंग चहा. शिष्यवृत्ती रखडली की घरी फोन करायचा, पण पैसे मागायचे नाहीत, ही तिथली न शिकवता येणारी विद्या. त्यावरचा लेख आधी वाचा.