नेकटाय आणि अनुद्धत वेश

काही वर्षांपूर्वीच्या मे महिन्यातील गोष्ट. दुपारी अडीचचा सुमार होता. जळगावची उन्हाळी दुपार म्हणजे काय, हे खानदेशातील वैद्यबंधूंना वेगळे सांगावयास नको. शेवटचा रुग्ण गेल्यावर एका आयुर्वेदीय औषधी कंपनीचा तरुण प्रतिनिधी चिकित्सालयात आला. हातात जड बॅग, अंगात पूर्ण बाह्यांचा सदरा आणि गळ्यात आवळलेला टाय. पित्तशामक कल्पाची माहिती सांगता सांगताच त्याच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. त्यास आडवे केले, टाय सोडला, तोंडावर गार पाणी शिंपडले. सावध झाल्यावर खडीसाखर घातलेले धने-जिऱ्याचे पाणी दिले. त्याचे पहिले वाक्य होते, "सर, टाय सोडला होता हे आमच्या साहेबांना कळू देऊ नका."

केवळ टायमुळेच त्याला भोवळ आली, असे माझे म्हणणे नाही. ऊन, उपाशी पोट व श्रम ही कारणे होतीच. तथापि ग्रीष्मात आतप व व्यायाम वर्ज्य सांगणाऱ्या शास्त्राची औषधे विकणाऱ्या मुलास शुद्धीवर येताच स्वतःच्या प्रकृतीऐवजी गळ्यातील पट्टीची चिंता वाटावी, हे आपणा सर्वांस विचार करावयास लावणारे आहे.

टायचा उगम सतराव्या शतकातील. क्रोएशियन सैनिक गळ्याभोवती रुमाल बांधीत. फ्रान्सच्या दरबाराने तो उचलला आणि पुढे युरोपच्या थंड हवेत तो सभ्यतेचे चिन्ह ठरला. आज मात्र इतर देशांतही त्याचा पुनर्विचार झालेला आहे. उन्हाळ्यात वातानुकूलनाचा खर्च कमी व्हावा म्हणून जपान सरकारने २००५ साली टाय व कोट न घालण्याची मोहीम सुरू केली. इंग्लंडच्या आरोग्य खात्याने २००७ साली रुग्णसेवा करणाऱ्यांसाठी कोपराखाली बाही, घड्याळ नको असे धोरण जाहीर केले, त्यात टायही टाळावा असे सुचविले. न्यूयॉर्कमधील एका रुग्णालयातील ४२ टाय तपासले असता २० टायवर रोगकारक ठरू शकणारे जंतू आढळले, तर सुरक्षारक्षकांच्या १० पैकी एकाच टायवर. हा अभ्यास २००४ साली मांडला गेला. त्यावरून टायमुळे रुग्णास संसर्ग झालाच असे सिद्ध होत नाही. परंतु सदरा रोज धुतला जातो, टाय क्वचितच, हे सत्य उरतेच. आवळलेल्या टायने नेत्रांतर्गत दाब वाढतो, असे २००३ साली, तर मेंदूकडील रक्तप्रवाह काही अंशी घटतो, असे जर्मनीत २०१८ साली लहान अभ्यासांतून दिसून आले. नीला, मन्या व सिरामातृका ही मर्मे ग्रीवेत सांगणाऱ्या आपल्या शास्त्राच्या अभ्यासकांस याचे नवल वाटू नये.

आपल्या ग्रंथांचा दंडक काय? सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानाच्या दहाव्या अध्यायात व्यवसायात पदार्पण करणाऱ्या वैद्याने नखे व केस कापलेले ठेवावे, शुचि असावे, शुभ्र वस्त्र नेसावे आणि वेश अनुद्धत असावा, असे सांगितले आहे. चरकाचार्यांनी वैद्याच्या चार गुणांत शौचाची गणना केली आहे. निकष आहेत ते स्वच्छता व विनय. वस्त्र देशी की विदेशी, हा नव्हे. म्हणून टायऐवजी उपरणे घ्या, असे सुचविणाऱ्या मित्रांशीही मी सहमत नाही. अभ्यंग करताना रुग्णाच्या अंगावर लोंबणारे उपरणे टायइतकेच अयोग्य होय. आठवडाभर न धुतलेल्या आपल्या ॲप्रनलाही हाच न्याय लागू आहे.

औषधनिर्मात्यांना तर कायद्याचाच आधार आहे. शेड्यूल टी मध्ये कामगारांचा गणवेश कामाच्या स्वरूपास व हवामानास अनुरूप आणि स्वच्छ असावा, असे म्हटले आहे. फिरत्या यंत्राजवळ लोंबते वस्त्र चालत नाही, हे प्रत्येक कारखानदार जाणतो. जो विवेक कारखान्यात पाळला जातो, तो उन्हात फिरणाऱ्या प्रतिनिधीच्या बाबतीत का सुटावा?

यावर कंपनीचालकांचे म्हणणे असे की, टाय नसेल तर ॲलोपॅथीचे डॉक्टर आमच्या माणसास उभे करीत नाहीत. या म्हणण्यात तथ्य आहे आणि त्या मुलाची नोकरी त्यावरच अवलंबून आहे. म्हणूनच हा निर्णय एकट्या प्रतिनिधीवर सोडून चालणार नाही. तो मालकांनी घ्यावयाचा आहे. नवपदवीधर वैद्यही 'डॉक्टर दिसावे' म्हणून टाय बांधतात. पहिल्या वर्षी मीही बांधला होता. रुग्णांचा विश्वास बसला तो नाडीवर हात ठेवून त्यांचे म्हणणे ऐकून घेऊ लागल्यावर.

समारंभात वा कचेरीत कोणी हौसेने टाय बांधला, तर माझी हरकत नाही. माझी विनंती एवढीच: औषधी कंपन्यांनी प्रतिनिधींवरील टायची सक्ती, निदान मार्च ते जून, काढून टाकावी, अर्ध्या बाह्यांचा स्वच्छ सदरा व नावाची पट्टी पुरेशी आहे. वैद्यांनी रुग्णतपासणीच्या व पंचकर्माच्या वेळी लोंबते काहीही अंगावर ठेवू नये. आणि दारात टाय न बांधलेला प्रतिनिधी आला, तर आपण त्यास आधी बसावयास सांगून पाणी द्यावे. त्याच्या साहेबांपर्यंत हे कळले तरी चालेल.